करवंटी, कणीस आणि काकूंच्या कुरडया

मार्चमध्ये मनूच्या दप्तरातून शाळेची एक चिठ्ठी आली होती. चिमणी दिवसानिमित्त घरी पक्ष्यांसाठी खाण्याची सोय करा आणि फोटो पाठवा. मी ती फ्रीजवर चुंबकाखाली अडकवली आणि वार्षिक परीक्षेच्या गडबडीत विसरून गेले. सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मनूनं ती काढून माझ्यापुढे धरली. फोटोची मुदत कधीच टळून गेली होती, पण सात वर्षांच्या मुलीला मुदत म्हणजे काय ते कळत नाही. त्यातच माझा भाचा दादू ठाण्याहून महिनाभर राहायला आलेला. वय 10, माहिती सर्व विषयांतली. त्यानं लगेच सांगून टाकलं की 20 मार्चचा हा दिवस 2010 पासून जगभर पाळतात आणि तो सुरू करणारे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचे आहेत. "मग आपल्याकडे तर झालंच पाहिजे," हा त्याचा निष्कर्ष. नाशिक आणि पुण्यातला आमचा सिंहगड रस्ता यात काय नातं, ते मी विचारलं नाही.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मागच्या गॅलरीसमोर एक शेवगा आणि एक वाकडा कडुनिंब आहे, त्यामुळे पक्ष्यांची ये-जा असते. बुलबुल, साळुंक्या, कावळे रोजचेच. चिमण्यांची चिवचिव ऐकू यायची, पण ती पलीकडच्या जुन्या बैठ्या चाळीतून. आमच्या गॅलरीत चिमणी कधी उतरलेली मला तरी आठवत नव्हती.

पहिला प्रयोग बाटलीचा. ही युक्ती सगळ्यांना माहीत असते: पाण्याची लिटरभराची रिकामी बाटली घ्यायची, समोरासमोर भोकं पाडून त्यातून लाकडी पळी आरपार घालायची, पळीचा खोलगा जिथून बाहेर येतो तिथलं भोक जरा मोठं ठेवायचं म्हणजे दाणे आपोआप पळीत घरंगळतात. दाभण गॅसवर तापवून भोकं मी पाडली, कारण तापलेला दाभण मुलांच्या हातात देण्याएवढी मी आधुनिक नाही. जळक्या प्लॅस्टिकच्या वासानं दुपारभर डोकं दुखलं. बाकी सगळं मुलांनी केलं. दादूनं बुचाला भोक पाडून दोरी ओवली. मनूनं दिवाळीतला उरलेला लाल ऑइलपेंट शोधून काढला आणि बाटलीवर, पळ्यांवर, फरशीवर आणि फ्रॉकवर फुलं काढली. घरात होतं ते सगळं धान्य आत भरलं. बाजरी, तांदूळ, गहू, मूठभर मुगाची डाळसुद्धा. वर मनूनं थोडा चिवडा टाकला. तो मी काढून टाकला, मिठाचं काही पक्ष्यांना देऊ नये म्हणून. तिला ते फार लागलं. "त्यांना पण सुट्टी आहे ना!"

मग वाट बघणं सुरू झालं. आपल्याला वाटतं मुलांना बनवण्यात मजा येते. बनवणं दीड तासात संपतं, पुढे असतं ते नुसतं बसून राहणं, आणि त्याची तयारी आपण करून घेतलेली नसते. पहिल्या दिवशी दोघं गॅलरीच्या दाराशी पालथे पडून राहिले. दर दोन मिनिटांनी "आला का?" दुसऱ्या दिवशी दादूनं बाटली जागेवरून हलवली. तिसऱ्या दिवशी त्यानं मोबाइल मागितला. मनू मात्र सकाळी दूध घेऊन तिथं बसायची, दूध संपेपर्यंत. अकरा दिवस एक पक्षी फिरकला नाही. ऑइलपेंटचा वास, भडक लाल रंग, वाऱ्यावर गरगर फिरणारी बाटली, यातलं नक्की काय नडलं कोण जाणे. मला स्वतःला त्या बाटलीवर बसावंसं वाटलं नसतं.

बाराव्या दिवशी गिऱ्हाईक आलं. कबूतर.

ते आधी रेलिंगवर बसलं, मान डावी-उजवी केली आणि थेट पळीवर उडी मारली. पळीला तेवढं वजन पेलणार नव्हतंच. बाटली तिरकी झाली, बूच निसटलं आणि आतलं सगळं धान्य पावसासारखं खाली गेलं. खाली म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या टेरेसवर. तिथं त्या सकाळी जुन्या साडीवर कुरडया वाळत घातलेल्या होत्या. मी वाकून बघेपर्यंत धान्याच्या मागोमाग नऊ कबुतरं कुरडयांत उतरली होती आणि अगदी मंडईत फिरल्यासारखी फिरत होती.

ज्यांनी कुरडया केल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो शिजवताना हात भरून येईपर्यंत घोटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या. मी सहा हापूस पिशवीत घातले, दोन्ही मुलांना बरोबर घेतलं आणि खाली गेले. काकूंनी दार उघडलं. आंब्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"अगं, माझा पायलीचा गहू होता तो. आणि तुझी ती कबुतरं नाचतायत त्याच्यावर!"

"माझी कबुतरं" हा शब्द त्या दिवसापासून आमच्या इमारतीत रूढ झाला. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर, कुणाचं नाव न घेता, 'गॅलरीतून कबुतरांना दाणे घालू नयेत' असा निरोप आला. 2025 साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि त्यावरून रस्त्यावर भांडणं झाली, तेव्हापासून हा विषय निघाला की लोकांचे आवाज आपोआप चढतात. खरं सांगायचं तर निरोपात मला काही चूक दिसली नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत छातीत गेली तर काही जणांच्या फुप्फुसांना कायमचा त्रास होतो, आणि आमच्याच इमारतीत दम्याचे दोन पेशंट आहेत. शिवाय कबुतरांची कुठेही काही कमी नाही. त्यांना आमच्या बाटलीची गरज नव्हती.

दादूनं मात्र हा प्रसंग फार मनावर घेतला. रात्री वही घेऊन बसला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'कबूतर येऊ नये पण चिमणी यावी.' मला वाटतं खऱ्या अर्थानं आमचं काम त्या ओळीपासून सुरू झालं. चिमणीचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम, कबुतराचं तीनशेच्या वर. आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर लिंबं ठेवून बघितली. सगळ्यात बारकं लिंबू बत्तीस ग्रॅम भरलं. म्हणजे चिमणी म्हणजे एक बारकं लिंबू आणि कबूतर म्हणजे दहा लिंबांची पिशवी. मनू ते लिंबू तळहातावर घेऊन बराच वेळ घरभर फिरत होती. एवढीशी चिमणी, हे तिला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं.

तर भांडं असं हवं की लिंबाएवढ्या पक्ष्याला त्यावर बसता यावं आणि मोठ्याला पाय ठेवायला जागाच मिळू नये. करवंटी मनूनं सुचवली, म्हणजे खेळायला घेतलेली करवंटी तिच्या हातात होती म्हणून. पण ती बरोबर निघाली. तीन दोऱ्यांवर टांगलेली करवंटी लहान असते, झुलते, आणि दोऱ्या मध्ये येत असल्यामुळे मोठ्या पक्ष्याला पंख फडफडवत नीट उतरता येत नाही.

करवंटीत एक खुबी आहे, ती मला इतकी वर्षं नारळ फोडूनही कळली नव्हती. नारळाच्या शेंडीकडच्या अर्ध्या भागाला तीन डोळे असतात, त्यातले दोन कडक आणि एक मऊ. मऊ डोळ्यातून जाड खिळा नुसत्या हातानं दाबला तरी आरपार जातो. करवंटी टांगली की हा डोळा बरोबर तळाला येतो. म्हणजे पाणी निचरायचं भोक निसर्गानंच पाडून ठेवलंय. डोळा ओळखायचं काम मुलांना दिलं. दोघांनी तीन-तीन करवंट्या अंगठ्यानं दाबून बघितल्या आणि प्रत्येक वेळी मऊ डोळा सापडला की आरडाओरडा.

काठाजवळची तीन भोकं मात्र सहजासहजी झाली नाहीत. खिळा तापवून, पकडीत धरून हातोडीनं ठोकला, तर पहिल्या दोन करवंट्या सरळ तडकल्या. शेवटी इमारतीत कुणाकडे तरी काम करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनदादांना गाठलं. त्यांनी ड्रिल मशीननं पाच मिनिटांत पंधरा भोकं पाडून दिली, पैसे घेतले नाहीत, वर "चिमण्यांसाठी ना?" असं विचारून एका करवंटीचा काठ स्वतः पॉलिश पेपरनं घासून दिला. बाहेरचे तंतू मुलांनी घासून काढले. आतली बाजू मुद्दाम खरबरीत ठेवली, पायांना पकड मिळावी म्हणून. दोरी सुतळीचीच घेतली. नायलॉनचे धागे सुटून पक्ष्यांच्या पायात अडकतात. रंग अजिबात नाही, या अटीवर मनूशी अर्धा तास वाटाघाटी झाल्या. शेवटी तिला दोरीच्या वरच्या टोकाला एक लाकडी मणी ओवायची परवानगी मिळाली.

पाच करवंट्या झाल्या. खालच्या टेरेसवर काही सांडू नये म्हणून त्या रेलिंगच्या आतल्या बाजूला टांगल्या आणि खाली जुनं ताट ठेवलं. पण चिमण्या? नाही. पाच दिवस पुन्हा तेच. दादूनं वहीत लिहिलं: 'कबूतर 0. चिमणी 0. म्हणजे निम्मं काम झालं.'

त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई गावाहून आल्या. त्या माण तालुक्यातल्या. कोरडा मुलूख, खरिपात बाजरी, रब्बीत शाळू, म्हणजे ज्वारी. येताना दरवेळी पिशवीभर काहीतरी असतंच. या वेळी शेंगा, कुळीथ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली शाळूची दहा-बारा कणसं होती. घरात लावायला म्हणून आणलेली. त्यांनी आमच्या करवंट्या बघितल्या, वाकून आतले दाणे बघितले आणि म्हणाल्या, "हे काय, पाखरांना वाटीत वाढताय व्हय?"

मग पदराची कड चिरावी तशी एका जुन्या धडप्याची चिंधी फाडली, पाच कणसांची देठं एकत्र बांधली आणि गॅलरीच्या कोपऱ्यात, कपड्यांच्या दोरीच्या हुकाला, दाणे खाली आणि देठ वर अशी जुडी उलटी टांगली. अर्ध्या मिनिटाचं काम. गावाकडे ओसरीला अशी कणसं टांगलेली मी लग्नानंतर बघितली होती. कोकणात दाराला भाताच्या लोंब्या लावतात तेही माहीत होतं. पण ते शोभेसाठी, नव्या धान्याच्या मानासाठी, अशी माझी समजूत होती. ओसरीवरच्या कणसांवर चिमण्या येतात हेही मी बघितलेलं होतं, आणि तरी मी दाभण तापवत बसले.

त्या रात्री आजींनी मुलांना सांगितलं की त्या मुलांएवढ्या असताना त्यांचं काम याच्या अगदी उलट होतं. शाळू हुरड्यात आला की पहाटे अंधारातच पोरांना रानात पाखरं हाकायला धाडायचे. शेतात मधोमध माळा, त्यावर उभं राहायचं, हातात गोफण, खाली दगडांचा ढीग. थव्यानं चिमण्या उतरल्या की गोफण फिरवायची, नाहीतर पत्र्याचा डबा बडवत ओरडायचं. दुपारपर्यंत घसा बसायचा.

"लागायचा का दगड त्यांना?" मनूनं विचारलं.

"कशाचा लागतोय. आवाजानंच उडायची. आन् गेली की शेजारच्या रानात बसायची. मग तिथलं पोरगं वरडायचं, ती पुन्यांदा आमच्यात."

दादूला ही व्यवस्था फार आवडली. त्याच्या मते पाखरं हाकणं हे पाखरं बोलावण्यापेक्षा कितीतरी चांगलं काम होतं.

कणसं टांगल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मनूनं माझ्या कानाशी येऊन, श्वास रोखून सांगितलं, "आई. आली." मी तशीच उठून गेले. एक चिमणा होता, गळ्याखाली काळा डाग असलेला. कणसाला तो असा उलटा लटकला होता की डोकं खाली आणि शेपूट वर. एक दाणा उपटायचा, चोचीत फिरवायचा, इकडेतिकडे बघायचा. मग फिक्या भुवईची, मातकट चिमणी आली. ती काही वेळ दोरीवरच बसून त्याच्याकडे बघत राहिली आणि मग दुसरं कणीस निवडलं. आम्ही तिघं दाराच्या पडद्याआड, मनूचा हात माझ्या हातात, तो घामेजलेला. फोटो काढायचा राहूनच गेला.

आठवड्याभरात सहा-सात चिमण्या झाल्या. कणसांवरून त्यांचं लक्ष शेजारच्या करवंट्यांकडे गेलं आणि एकदा एक उतरली म्हटल्यावर बाकीच्याही उतरल्या. माझा आपला तर्क असा की चिमणीला कणीस कळतं, बाटली कळत नाही. कबुतरांनी दोनदा प्रयत्न केला. कणसाला लटकणं त्यांना जमत नाही आणि करवंटीवर उतरताना दोऱ्यांत पंख आपटले. तिसऱ्यांदा आली नाहीत. काकूंना मी हे मुद्दाम जाऊन सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. हापूस संपले होते, पिशवी परत मिळाली.

करवंट्यांत काय घालायचं तेही हळूहळू बसत गेलं. बाजरी, तांदळाची कणी आणि थोडे राळे. सकाळी दोन मुठी, संध्याकाळपर्यंत संपेल एवढेच. शिळा भात एकदा ठेवला तर मेच्या उन्हात दुपारपर्यंत आंबला, तो बंद. राळ्यांनी एकदा आम्हाला फसवलं. दोन दिवस करवंटी भरलेलीच दिसत होती, दादूनं वहीत 'भूक कमी झाली' अशी नोंदही केली. तिसऱ्या दिवशी मी सहज आत फुंकर मारली तर सगळं उडून गेलं. नुसती टरफलं. चिमणी राळ्याचा दाणा चोचीत फिरवून सोलते, आतलं खाते आणि साल तिथंच टाकते. बिचाऱ्या दोन दिवस रिकाम्या करवंटीत टरफलं उलटीपालटी करत असणार. त्या दिवसापासून भरायच्या आधी फुंकर मारायचा मान मनूकडे आला. दर रविवारी करवंट्या काढून गरम पाण्यानं, ब्रशनं घासायच्या, उन्हात खडखडीत वाळवायच्या आणि मग हात साबणानं धुवायचे, हा भाग कुणालाच आवडला नाही, पण झाला.

बुलबुलांसाठी पपईच्या साली आणि केळ्याचा तुकडा वेगळ्या करवंटीत ठेवला, कारण धान्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. त्यात तासाभरात मुंग्यांची रांग लागली. लाडवांच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवतो ती युक्ती टांगलेल्या करवंटीला कशी लावायची, यावर दादूनं डोकं चालवलं. डिओच्या बाटलीचं मोठं झाकण घेतलं, त्याला मधोमध भोक, त्यातून तार, भोक एमसीलनं बंद, झाकण उताणं, त्यात पाणी. वरून येणारी मुंगी पाण्याच्या काठावर थांबते. त्यानं त्याला 'खंदक' नाव दिलं आणि सिंहगडाला खंदक आहे का यावर जेवताना वाद घातला.

आणि पाणी. हे खरं तर सगळ्यात आधी ठेवायला हवं होतं. कुंडीखालचं मातीचं परळ, इंचभर पाणी, मध्ये एक दगड, बस. धान्याकडे फक्त चिमण्या आणि कधीमधी मनोल्या यायच्या, पण पाण्याला सगळे आले. बुलबुल, साळुंकी, शिंपी, दयाळाचं एक जोडपं, आणि एकदा भर दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकणारा कावळा. डासांची अंडी होऊ नयेत म्हणून परळ रोज घासून पाणी बदलायचं, एवढंच त्यात काम. पुन्हा कधी केलं तर मी पहिले पंधरा दिवस पाणीच ठेवीन, दाणे नंतर.

मेच्या अखेरीला एक पिल्लू आलं. आईएवढंच, किंबहुना पिसं फुलवल्यामुळे आईपेक्षा मोठं दिसणारं, चोचीच्या कडा पिवळ्या. ते येऊन थेट करवंटीत बसलं. म्हणजे अक्षरशः बाजरीच्या ढिगावर बसलं, पंख थरथरवत चोच उघडली आणि ओरडायला लागलं. आई त्याच्याच पायाखालचा दाणा उचलून त्याच्या चोचीत घालत होती. असं दहा-बारा वेळा. मनू खूप हसली. मी तिला म्हटलं, आमच्याही घरात असं एक आहे, ताटावर बसून 'भरव' म्हणणारं. तिला काही ते लागू पडलं नाही. सासूबाईंनी मात्र सांगितलं की याच्याहून लहान पिल्लांना दाणे चालत नाहीत, त्यांना अळ्या आणि किडे लागतात, आणि "तुमच्या सोसायटीत दर महिन्याला ते औषध मारत्यात, मग अळी राहील कुठं?" हे बरोबर होतं. मी ते ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले. फवारणी ठरल्या दिवशी झालीच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दादू ठाण्याला गेला, वही इथंच ठेवून. नोव्हेंबरात 5 ते 12 तारखेला पक्षी सप्ताह असतो, तेव्हा येऊन पुढच्या नोंदी करणार आहे म्हणे. त्या सप्ताहाच्या एका टोकाला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस आणि दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा, हेही त्यानं जाता जाता ऐकवलं. दोन दिवसांनी पाऊस आला. भिजलेल्या बाजरीला एका रात्रीत वास येऊन बुरशी धरते, म्हणून मी करवंट्या उतरवून ठेवल्या. कणसांचे नुसते बुरखुंडे उरले होते, पण मनूनं ते काढू दिले नाहीत. एक चिमणी अजून त्यावर झोके घ्यायला येते, असं तिचं म्हणणं.

परवा सकाळी खालून हाक आली. मी वाकून बघितलं. काकू टेरेसवर तुळशीच्या कुंडीपाशी उभ्या होत्या. कुंडीत तुळशीच्या भोवतीनं वीतभर उंचीची हिरवीगार पाती दाटली होती.

"अगं, तुझी बाजरी उगवलीय माझ्या तुळशीत. उपटू का ठेवू?"

मी काही बोलायच्या आत मनू रेलिंगच्या गजांतून ओरडली, "ठेवा!"